फर्लोची जुनी फाइल तपासताना: मालकाचा वाटा खरोखर किती होता?

महाराष्ट्रात ‘फर्लो’ हा शब्द आपल्या कानावर पडतो तो तुरुंगाच्या बातम्यांतून. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. त्यामुळे २०२० च्या एप्रिलमध्ये माझ्या मेव्हण्याने लंडनहून फोन करून सासूबाईंना ‘मला फर्लोवर ठेवलंय’ असं सांगितलं, तेव्हा पलीकडे आधी शांतता पसरली. मग हळूच प्रश्न आला, ‘अरे, पण केलंस काय तू?’ त्याने काहीच केलं नव्हतं. त्याचं रेस्टॉरंट बंद होतं, नोकरी शाबूत होती आणि पगाराचे ८० टक्के ब्रिटिश सरकार भरत होतं.

मी इथे ब्रिटनमध्ये छोट्या धंद्यांची पगारपत्रकं करतो. दोन-तीन उपाहारगृहं, एक किराणा दुकान, एक दातांचा दवाखाना, अशी माणसं. कोविडच्या काळातली ही योजना ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, तरी फर्लोचे प्रश्न अजून येतात. कारण साधं आहे: दाव्याची कागदपत्रं सहा वर्षं जपून ठेवायची अट आहे. म्हणजे शेवटच्या महिन्याची फाइल २०२७ पर्यंत कपाटातून हलवता येत नाही. मधल्या काळात कुणी धंदा विकायला काढतो, कुणी अकाउंटंट बदलतो, कुणाला एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, पत्र येतं. मग फाइल उघडली जाते आणि लक्षात येतं की सरकार पूर्ण ८० टक्के देत होतं त्या महिन्यांचे हिशेब बहुतेक ठीक आहेत. घोळ आहे तो सरकारने हात आखडता घेऊन मालकाला वाटा उचलायला लावला त्या महिन्यांत. म्हणून हा लेख मुख्यतः त्या पाच-सहा महिन्यांबद्दल आहे.

आधी महिने नीट लावून घ्या

तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी २० मार्च २०२० ला योजना जाहीर केली. लागू १ मार्चपासून, आणि दावे भरायचं पोर्टल उघडलं २० एप्रिलला. त्यानंतरचे टप्पे असे:

मार्च ते जुलै २०२०: सरकार पगाराचे ८० टक्के देणार, महिन्याला कमाल २,५०० पौंड. शिवाय मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावरचा सामाजिक सुरक्षेचा हप्ता) आणि पेन्शनचा किमान हिस्साही सरकारचाच. मालकाला शून्य खर्च.

ऑगस्ट २०२०: ८० टक्के सरकारचेच, पण नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन मालकाकडे.

सप्टेंबर २०२०: सरकार ७० टक्के (कमाल २,१८७.५० पौंड), मालक १० टक्के (३१२.५० पौंडांपर्यंत).

ऑक्टोबर २०२०: सरकार ६० टक्के (कमाल १,८७५ पौंड), मालक २० टक्के (६२५ पौंडांपर्यंत).

नोव्हेंबर २०२० ते जून २०२१: पुन्हा सरकार ८० टक्के. नॅशनल इन्शुरन्स-पेन्शन मात्र मालकाचंच.

जुलै २०२१: ७० आणि १०. ऑगस्ट व सप्टेंबर २०२१: ६० आणि २०.

कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर या सगळ्या काळात काहीच बदललं नाही. त्याला शेवटपर्यंत किमान ८० टक्के किंवा २,५०० पौंड, यांत जे कमी ते, मिळायलाच हवं होतं. बदलत होतं ते फक्त कुणाच्या खिशातून किती जातात हे. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. तिच्याकडे पुढे येतोच.

ऑक्टोबरनंतर सरकारने पलटी खाल्ली त्याबद्दल मालकांच्या मनात अजून राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो. योजना ३१ ऑक्टोबर २०२० ला संपणार होती. तिच्या जागी १ नोव्हेंबरपासून कमी मदतीची दुसरी योजना यायची होती. लोकांनी त्या हिशेबाने माणसं कमी केली, नोटिसा दिल्या. आणि ३१ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दुसरं लॉकडाउन जाहीर करताना फर्लो वाढवल्याचं सांगितलं. पाच दिवसांनी मुदत मार्चपर्यंत गेली. माणूस जानेवारीपर्यंत टिकवला तर एक हजार पौंड देण्याचं जे आश्वासन जुलैमध्ये दिलं होतं, तेही मग गुंडाळलं गेलं. तुमच्या फाइलमध्ये ऑक्टोबरअखेरची एखादी नोटीस आणि लगेच नोव्हेंबरातला फर्लोचा करार असेल तर दचकू नका, तेव्हा बऱ्याच जणांचं तसंच झालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीचे करार मागच्या तारखेपासून करायला १३ नोव्हेंबरपर्यंत मुभाही होती.

पायरी पहिली: कागद एका जागी

एका कर्मचाऱ्याचा एक महिना घ्या आणि त्याचे सहा कागद टेबलावर ठेवा. फर्लोचं लेखी पत्र किंवा ईमेल. त्या महिन्याची पे-स्लिप. मूळ पगार ज्या पे-स्लिपवरून धरला ती जुनी पे-स्लिप. कामाच्या तासांची नोंद. दाव्याची पोर्टलवरची पावती, दाव्याच्या क्रमांकासकट. आणि बँकेचं स्टेटमेंट.

शेवटचा कागद लोक विसरतात. ‘स्टेटमेंट कशाला, पे-स्लिप आहे की!’ असं म्हणतात. पे-स्लिप म्हणजे पगार लागला याचा पुरावा, पोचला याचा नव्हे.

पायरी दुसरी: मूळ पगार कोणता धरला?

ठरावीक पगाराच्या माणसासाठी १९ मार्च २०२० ला किंवा त्याआधी संपलेल्या शेवटच्या पगार-कालावधीचा पगार धरायचा. एप्रिलमध्ये किमान वेतन वाढून तासाला ८.७२ पौंड झालं, पण त्याने फर्लोचा मूळ पगार वाढला नाही. अनेकांनी एप्रिलपासून वाढीव पगारावर दावा केला आहे. हे तपासा. फर्लोवर असलेल्या तासांना किमान वेतनाचा नियम लागत नव्हता, फक्त त्या काळात प्रशिक्षण दिलं असेल तर त्या तासांना लागायचा.

पगार कमी-जास्त होत असेल तर दोन आकडे काढायचे: आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याची कमाई, आणि २०१९-२० या करवर्षाची मासिक सरासरी. दोन्हींत मोठा असेल तो घ्यायचा. २०२१ च्या मार्चपासूनच्या दाव्यांना ‘मागच्या वर्षीचा महिना’ म्हणजे २०२० नव्हे, २०१९ चा महिना. २०२० चा मे धरला तर फर्लोच्याच पगारावर पुन्हा ८० टक्के लागतात आणि कर्मचाऱ्याचं नुकसान होतं. जी माणसं नंतर रुजू झाली त्यांच्यासाठी तारखा वेगळ्या: नोव्हेंबर २०२० पासून ३० ऑक्टोबर २०२० पर्यंत पगारपत्रकावर आलेले चालले, मे २०२१ पासून २ मार्च २०२१ पर्यंतचे.

हॉटेलवाल्यांनी इथे एक ओळ लाल शाईने लिहून ठेवावी: गिऱ्हाइकाच्या मर्जीवर मिळणारी टिप मूळ पगारात धरायची नाही. मालकाच्या मर्जीतला बोनसही नाही. ठरलेला ओव्हरटाइम आणि ठरलेलं कमिशन मात्र धरायचं.

पायरी तिसरी: तास

१ जुलै २०२० पासून अर्धवेळ फर्लो चालू झाला. माणूस काही तास कामावर, उरलेले फर्लोवर. ऑगस्टात सरकारनेच सोमवार ते बुधवार हॉटेलात जेवणाऱ्यांच्या बिलात माणशी १० पौंडांपर्यंत निम्मी सूट दिली. झालं! तीन दिवस स्वयंपाकघर पेटलेलं, उरलेले दिवस निवांत. तासांची नोंद कुणाच्या वहीत, कुणाच्या व्हॉट्सॲपवर, आणि एका ठिकाणी तर पिठाच्या पोत्याच्या पुठ्ठ्यावर. तो पुठ्ठा मी आजही फाइलला लावून ठेवला आहे, कारण पुरावा तो पुरावा.

नेहमीचे तास काढायची रीत अशी: आठवड्याचे तास भागिले ७, गुणिले दाव्याच्या कालावधीतले दिवस, आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा. आठवड्याला ४० तास, सप्टेंबर २०२०, म्हणजे ४० ÷ ७ × ३० = १७१.४३. लिहायचे १७२. समजा त्या माणसाने ६० तास काम केलं. फर्लोचे तास ११२.

मी पहिल्याच महिन्यात १७१ लिहिले होते. गणिताच्या शाळेत शिकलेलं, .४३ म्हणजे खाली. परिणाम काय झाला? २,००० पौंड पगाराच्या माणसामागे तीन पौंडांच्या आसपास कमी. तेही आमच्याच विरुद्ध. असल्या चुकीने झोप उडवून घेऊ नका. नोंद करा आणि पुढे चला.

पायरी चौथी: वाटणी

आता मुख्य काम. आधी किमान फर्लो-पगार काढायचा, मग तो सरकार आणि मालकात वाटायचा. उलटं करू नका. सरकारचे ७० टक्के वेगळे, मालकाचे १० टक्के वेगळे असं सुरुवातीलाच मांडलं की मर्यादा लावताना गडबड होते.

वरचंच उदाहरण. पगार २,००० पौंड. ८० टक्के म्हणजे १,६००. ही रक्कम २,५०० च्या आत आहे, म्हणून १,६००च धरायची. आता तासांचं प्रमाण: १,६०० × ११२ ÷ १७२ = १,०४१.८६. हा त्या माणसाचा किमान फर्लो-पगार.

सप्टेंबर २०२० आहे. सरकारचा वाटा म्हणजे या रकमेचे ७० भागिले ८०: ९११.६३ पौंड. मालकाचा वाटा उरलेले १३०.२३. काम केलेल्या ६० तासांचा पगार, साधारण ६९७.६७ पौंड, सगळा मालकाचा. त्यात सरकारचा एक पैसाही नाही.

हेच ऑक्टोबरमध्ये करायचं तर ७० च्या जागी ६०, आणि दिवस ३१ असल्यामुळे नेहमीचे तास १७८.

पगार मोठा असेल तर मर्यादा आधी लावा. महिना ४,००० पौंडांच्या माणसाचे ८० टक्के ३,२०० होतात, पण धरायचे २,५००. सप्टेंबरात पूर्ण फर्लोवर असेल तर सरकार २,१८७.५० आणि मालक ३१२.५०. मालकाने ‘१० टक्के म्हणजे ४००’ असं म्हणून ४०० दिले असतील तर बिघडलं काहीच नाही, जास्त द्यायला कुणाची मनाई नव्हती. पण पोर्टलवर ४,००० चे ७० टक्के म्हणून २,८०० मागितले असतील तर ६१२.५० पौंड परत करावे लागतील. आणि माणूस अर्धवेळ फर्लोवर असेल तर मर्यादाही तासांच्या प्रमाणात कमी होते. मला ही चूक सगळ्यात जास्त वेळा दवाखान्यांच्या आणि आयटीवाल्यांच्या फाइलींत दिसली, कारण पगार मोठे तिथेच.

पायरी पाचवी: ‘१० टक्के’ म्हणजे १० टक्के नव्हे

ही खरं तर मालकाने स्वतःसाठी करायची मांडणी. सगळे म्हणतात, सप्टेंबरात १० टक्के, ऑक्टोबरात २० टक्के. पण मालकाच्या खात्यातून गेले किती?

तोच २,००० पौंडांचा माणूस, पूर्ण महिना फर्लोवर, कपातीआधी एकूण १,६०० पौंड. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स तेव्हा महिन्याला ७३२ पौंडांच्या वरच्या रकमेवर १३.८ टक्के: ८६८ × १३.८ टक्के = ११९.७८. पेन्शन ५२० पौंडांच्या वर ३ टक्के: १,०८० × ३ टक्के = ३२.४०. दोन्ही मिळून १५२.१८.

म्हणजे जुलै २०२० मध्ये मालकाचा खर्च शून्य. ऑगस्टात १५२.१८. सप्टेंबरात २०० अधिक १५२.१८, म्हणजे ३५२.१८. ऑक्टोबरात ५५२.१८. मूळ पगाराच्या तुलनेत हे अनुक्रमे ७.६, १७.६ आणि २७.६ टक्के होतात. आणि या बदल्यात माणूस एक तासही कामाला नाही. ‘सरकार फुकट पगार देतंय’ असं गावाकडून ऐकवणाऱ्यांना मी हाच कागद दाखवायचो.

पण सगळ्यांना एवढा भार पडला नाही, आणि इथे दोन गोष्टी पाहायच्या. एक, २१ वर्षांखालच्या पोरांवर सामान्य पगारात मालकाचा नॅशनल इन्शुरन्स लागत नाही, आणि पेन्शनची सक्तीची नोंदणी २२ वर्षांपासून. वीकेंडला वाढपी म्हणून येणाऱ्या विद्यार्थ्याचा सप्टेंबरातला खर्च खरोखर १० टक्केच होता. दोन, छोट्या मालकांना एम्प्लॉयमेंट अलाउन्स मिळतो. २०२०-२१ मध्ये तो ४,००० पौंडांचा होता, आणि तेवढा नॅशनल इन्शुरन्स माफ.

आता यातली मेख. मार्च ते जुलै २०२० मध्ये नॅशनल इन्शुरन्ससुद्धा सरकारकडून मागता येत होता. पण ज्याने अलाउन्समुळे तो भरलाच नाही, त्याला मागायचा हक्क नव्हता. चार-पाच माणसांच्या दुकानांनी दोन्ही घेतलेलं मी पाहिलं आहे: अलाउन्समध्येही माफी आणि दाव्यातही तीच रक्कम. लबाडी म्हणून नव्हे, एक सॉफ्टवेअरने केलं आणि दुसरं हाताने. जुनी फाइल उघडलीच आहे तर वाटणीच्या महिन्यांबरोबर हा एक मुद्दाही बघून घ्या.

२०२१ मध्ये ७३२ च्या जागी ७३७ झाले, बाकी गणित तेच. जुलै २०२१ ला ३५१.४९, ऑगस्ट आणि सप्टेंबरला प्रत्येकी ५५१.४९. तीन महिन्यांत एका माणसामागे १,४५४.४७ पौंड.

सुट्टीचा पगार विसरू नका. फर्लोवर असतानाही हक्काची रजा घेता येत होती, पण रजेचे पैसे पूर्ण १०० टक्के द्यावे लागत. त्या दिवसांचा सरकारी वाटा नेहमीएवढाच. म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये रजेच्या दिवसाचे ४० टक्के मालकाचे. ऑगस्टची बँक हॉलिडे रजेतच धरत असाल तर तिथेही हेच.

पायरी सहावी: पैसे माणसापर्यंत पोचले का?

आधी म्हटलेली महागडी चूक ही. एक हॉटेलवाले ओळखीचे, २०२२ मध्ये फाइल घेऊन आले. सगळं टापटीप. ऑक्टोबर २०२० च्या दाव्यात एका आचाऱ्यासाठी १,२०० पौंड मागितलेले, बरोबर ६० टक्के. पे-स्लिप पाहिली, एकूण पगार १,२००. मी विचारलं, वरचे ४०० कुठे आहेत? म्हणाले, ‘त्याला सांगितलं होतं, गल्ल्यात काही नाही. तो म्हणाला, चालेल भाऊ.’

त्या ‘चालेल भाऊ’ला कायद्यात किंमत नाही. माणसाला फर्लोच्या तासांचे किमान ८० टक्के मिळणं ही अनुदानाची अटच होती. मालकाने आपला वाटा दिला नाही तर प्रश्न फक्त त्या ४०० चा राहत नाही, सरकारकडून घेतलेल्या १,२०० वरचा हक्कच धोक्यात येतो. कर्मचाऱ्याशी आपसात ठरवून पगार खाली आणणं, किंवा खात्यात देऊन रोख परत घेणं, दोन्हीला मनाई होती.

म्हणून इथे बँकेचं स्टेटमेंट लागतं. पे-स्लिपवरची हातात पडणारी रक्कम घ्या. ती कर आणि कर्मचाऱ्याचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स कापून असते, फर्लोच्या पगारावरही या कपाती नेहमीप्रमाणेच होत होत्या. ती रक्कम स्टेटमेंटात शोधा आणि पेन्सिलने खूण करा. एकेक महिना, एकेक माणूस. कंटाळवाणं आहे, पण कपभर चहात तीन माणसं उरकतात.

त्याच वेळी आणखी एक खूण शोधा: नोटीस. १ डिसेंबर २०२० पासून नोटिशीच्या दिवसांसाठी दावा करता येत नव्हता. माणूस फर्लोवर असतानाच काढला असेल तर नोटिशीच्या तारखेपासूनचे दिवस दाव्यातून वगळले आहेत ना ते पाहा.

पायरी सातवी: फरक निघाला तर

कमी मागितलं असेल तर विषय संपला. शेवटच्या महिन्याचा दावा वाढवून घ्यायची मुदत २८ ऑक्टोबर २०२१ ला गेली. पण आकडा चुकल्यामुळे माणसालाच पगार कमी गेला असेल, तर त्याचं देणं उरतंच.

जास्त घेतलं असेल तर ते आपणहून कळवायचं. कायद्याप्रमाणे कळवायला ९० दिवस होते, ते कधीच उलटले. तरी खात्याचं पत्र येण्याआधी कळवणं आणि आल्यावर कळवणं यात दंडाच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. हक्क नाही हे पैसे घेतानाच माहीत असून मुदतीत सांगितलं नसेल, तर तो प्रकार मुद्दाम आणि लपवून केलेला मानला जातो, आणि परतफेडीच्या वर आणखी १०० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. गणितातली चूक आणि माहीत असून गप्प बसणं, दोन्ही एका मापाने मोजली जात नाहीत. म्हणून प्रत्येक चुकीशेजारी ती कशी झाली याची दोन ओळींची टीप लिहून ठेवा, तारखेसकट.

दोन-चार पौंडांच्या फरकांची बेरीज करून ठेवा. रक्कम मोठी असेल, किंवा पायरी सहामधला प्रकार असेल, तर मात्र स्वतः पत्र खरडू नका. करसल्लागाराकडे जा.

आणि एक तपासणी: मिळालेलं अनुदान हे धंद्याचं उत्पन्न आहे, ते करविवरणात दाखवावं लागतं. पगार खर्चात टाकला आणि अनुदान दाखवलंच नाही, ही दुसऱ्या बाजूची चूक. डिसेंबर २०२० पासूनच्या दाव्यांत मालकांची नावं खात्याने जाहीरच केली आहेत, त्यामुळे ‘आम्ही घेतलंच नव्हतं’ म्हणायची सोय नाही.

ही वाटणी केली कशासाठी?

एकूण सुमारे १ कोटी १७ लाख नोकऱ्या कधी ना कधी फर्लोवर होत्या आणि योजनेला ७,००० कोटी पौंडांच्या आसपास खर्च आला. एवढा पैसा ओतताना सरकारला भीती होती की ज्या नोकऱ्या पुन्हा उभ्या राहणारच नाहीत, त्याही नुसत्या कागदावर जिवंत राहतील. मालकाला २० टक्के भरावे लागले की तो विचार करतो: हा माणूस मला खरंच परत हवा आहे का? मला हे तर्कशास्त्र पटतं. वेळ मात्र साधली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये वाटा सर्वांत जड केला, तेव्हा आजाराची दुसरी लाट वर चढत होती. २०२१ चा उतार जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण तेव्हा दुकानं उघडी होती. तरी शेवटच्या दिवशी सुमारे ११ लाख ६० हजार नोकऱ्या फर्लोवर उरल्याच होत्या. फ्रान्सने २०२० च्या जूनपासून साधाच मार्ग धरला होता: मालकाने पगाराचे ७० टक्के द्यायचे आणि त्यातले ६० सरकारकडून परत घ्यायचे.

पुण्यात किंवा नाशकात युनिट असेल तर

इथल्या बऱ्याच मराठी मंडळींचा तिकडेही छोटा कारखाना किंवा ऑफिस असतं आणि तेही विचारतात. भारतात सरकारने पगार वाटून घेतला नाही, पीएफ वाटून घेतला. २९ मार्च २०२० च्या केंद्राच्या आदेशाने बंद काळातला पूर्ण पगार मालकावरच टाकला होता. तो आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी वाटाघाटी कराव्यात असं सांगितलं. दुसरीकडे १०० पर्यंत कामगार आणि त्यांतले ९० टक्के १५,००० रुपयांखाली असतील तर मार्च ते ऑगस्ट २०२० चे मालक-कामगार दोघांचे मिळून २४ टक्के पीएफ केंद्राने भरले.

वाटणीचा खरा नमुना म्हणजे आत्मनिर्भर भारत रोजगार योजना. १ ऑक्टोबर २०२० पासून ३१ मार्च २०२२ पर्यंत नव्याने घेतलेल्या, १५,००० खाली पगाराच्या कामगारासाठी दोन वर्षं: हजारापर्यंत कामगारांच्या आस्थापनेत पूर्ण २४ टक्के सरकारचे, त्याहून मोठ्या आस्थापनेत फक्त कामगाराचे १२. म्हणजे १२,००० पगारावर लहान मालकाला २,८८० रुपये माफ, मोठ्याचे स्वतःचे १,४४० रुपये चालूच. तपासायचं एवढंच की ज्या महिन्यांचा लाभ घेतला त्या महिन्यांत कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापले नाहीत ना. सरकारने भरलेला हिस्सा पे-स्लिपवरही कापलेला सापडतो. तो परत द्यायचा, आणि दिल्याची पावती त्याच महिन्याच्या पे-स्लिपला टाचायची.